पत्ता छापलेले आरोपी

१९३४ च्या फेब्रुवारीत रघुनाथ धोंडो कर्वे यांना दुसऱ्यांदा अटक झाली, तेव्हा त्यांचे वय ५२ होते. आरोप पहिल्या खेपेचाच, अश्लीलतेचा. या वेळी सरकारच्या डोळ्यांत खुपली ती उत्तरे. 'समाजस्वास्थ्य' मासिकाचे वाचक आपल्या खासगी अडचणी लिहून पाठवत आणि संपादक त्यांना जाहीर उत्तर देत. हस्तमैथुनाने शरीर खचते का, समलिंगी ओढ असणे म्हणजे काय, असले ते प्रश्न. उत्तरे कोरडी, मुद्द्यापुरती, गणिताच्या प्राध्यापकाला शोभणारी. ती वाचून कुणाची वासना चाळवली असेल, तर त्या माणसाला लॉगॅरिथमचे कोष्टकही पुरले असते.

वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. गोलमेज परिषदा आणि पुणे करार नुकतेच मागे पडले होते. पुढाऱ्याने असल्या खटल्याला हात लावावा असे त्या काळात काहीच नव्हते. मिळायचे शून्य आणि गमवायचे पुष्कळ. आंबेडकरांचा युक्तिवाद साधा होता. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते आपोआप अश्लील ठरत नाही. लोक विचारतात, कारण त्यांना माहीत नसते. आणि प्रश्नात विकृती दिसत असेल, तर ती घालवायला ज्ञानावाचून दुसरे औषध नाही. हॅवलॉक एलिससारख्या संशोधकांचे दाखले त्यांनी कोर्टापुढे ठेवले. एप्रिलमध्ये निकाल लागला. कर्वे दोषी, दंड २०० रुपये.

मराठीतल्या अश्लीलतेचा इतिहास सांगणारे सहसा हालाच्या गाथासप्तशतीपासून निघतात आणि लावणीच्या वाटेने येतात. आम्ही मुळात किती मोकळे होतो आणि इंग्रजांनी आम्हाला सोवळे कसे नेसवले, असा त्या कथेचा सूर असतो. त्यात तथ्य आहे, पण ती कथा जरा आपल्याच पाठीवर थाप मारणारी आहे. मला हा इतिहास कर्व्यांच्या दंडापासून सांगावासा वाटतो. पुढची ऐंशी-नव्वद वर्षे मराठी घरांत नवरा-बायकोच्या नात्याबद्दल कोण बोलू शकले आणि कोण नाही, याचा निकाल त्या कोर्टात बराचसा लागून गेला.

कर्वे हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे थोरले चिरंजीव. जन्म १८८२ सालचा, कोकणातल्या मुरूडचा. मॅट्रिकला पहिले आलेले, पुढे पॅरिसला जाऊन गणित शिकून आलेले. वडिलांनी विधवांच्या शिक्षणासाठी आयुष्य घातले. मुलगा त्याच रस्त्याने एक घर पुढे गेला आणि तिथे वडिलांचे चाहतेही थबकले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंचे केंद्र सुरू झाले, म्हणजे या एका बाबतीत गिरगाव लंडनच्या मागे नव्हते. १९२३ मध्ये संततिनियमनावरचे आणि गुप्तरोगांवरचे पुस्तक आले. विल्सन कॉलेज मिशनऱ्यांचे. तिथल्या चालकांना आपला गणिताचा प्राध्यापक हे असले उद्योग करतो हे पचले नाही, आणि १९२५ मध्ये नोकरी गेली. स्वतःला मूल होऊ द्यायचे नाही असे ठरवून कर्व्यांनी नसबंदी करून घेतली होती. बोलण्याप्रमाणे वागणाऱ्या माणसाची जी आर्थिक अवस्था होते, ती त्यांची शेवटपर्यंत राहिली.

१५ जुलै १९२७ रोजी 'समाजस्वास्थ्य'चा पहिला अंक निघाला. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र. खप कधीच मोठा नव्हता, शत्रू मात्र भरपूर. आत काय असे? गर्भ कसा राहतो, कसा टाळता येतो. लागोपाठच्या बाळंतपणांनी बायका कशा मरतात. गरमी-परमा नवऱ्याकडून बायकोकडे कसा येतो आणि तिलाच दोष कसा लागतो. 'शारदेची पत्रे' नावाचे एक खट्याळ सदर असे, आणि ती शारदा म्हणजे खुद्द कर्वेच. या सगळ्याच्या बुडाशी एक विधान होते, ते त्या काळच्या सुधारकांनाही जड गेले. कामेच्छा स्त्रीलाही असते, तिच्या सुखाला आणि तिच्या नकाराला पुरुषाच्या इच्छेइतकेच वजन आहे. पहिला खटला १९३१ सालचा, पुण्यातल्या सनातनी मंडळींच्या तक्रारीवरून. लेखाचे नाव 'व्यभिचाराचा प्रश्न'. १०० रुपये दंड झाला आणि हायकोर्टातले अपीलही फेटाळले गेले.

हा दंड ज्या कायद्याने झाला त्याकडे वळायला हवे. भारतीय दंड संहितेचे २९२ कलम १८६० चे. अश्लील म्हणजे काय हे त्यात सांगितलेच नव्हते. ती उणीव १८६८ मध्ये इंग्लंडच्या हिकलिन खटल्यातून भरली गेली. तिथला कस असा: ज्यांची मने असल्या प्रभावाला सहज बळी पडतात, अशा कुणाच्या हाती हे लिखाण पडले, तर ते त्यांना बिघडवील का? म्हणजे लेख कुणासाठी लिहिला, का लिहिला, त्यात खरे किती, हे प्रश्न गौण. समाजातला सर्वांत कच्च्या मनाचा माणूस कल्पनेत उभा करायचा आणि त्याच्या मापाने सगळ्यांचे कपडे बेतायचे. कलमात एक अपवाद मात्र होता. देवळांवरची, रथांवरची शिल्पे आणि धार्मिक उपयोगाच्या वस्तू यांना मोकळीक. खजुराहो चालेल, गिरगावातले मासिक नाही. कामसूत्राची संस्कृत संहिता १८९१ मध्ये मुंबईच्याच निर्णयसागर छापखान्यात छापली गेली होती, पण खासगी वितरणापुरती. संस्कृत येणाऱ्यांची मने पक्की असतात, असा बहुधा समज असावा.

दुसरा कायदा तसा निरुपद्रवी दिसणारा, १८६७ चा. छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण असलेच पाहिजे, असे तो सांगे. कर्वे हा नियम पाळत. संपादक कोण, अंक कुठे मिळेल, प्रश्न कुठे पाठवावा, सगळे छापलेले. पोलिसांना शोध घ्यावा लागला नाही, अंक उघडला की आरोपी सापडला. हे दोन कायदे एकत्र आले की जे होते, ते पुढच्या सगळ्या कथेत दिसत राहते. नाव-गाव छापणारा पकडला जातो आणि न छापणारा सुटतो. नाव कोण छापतो? ज्याला आपण काही चुकीचे करतो आहोत असे वाटत नाही तो.

कर्व्यांना दंड होत होता त्याच वर्षांत वर्तमानपत्रांत धातुपौष्टिक गोळ्यांच्या आणि वीर्यवर्धक पाकांच्या जाहिराती राजरोस छापून येत होत्या. तरुणपणीच्या 'वाईट सवयी'मुळे झालेली हानी भरून काढण्याचे आश्वासन त्यांत असे. ज्या प्रश्नाला कर्वे 'काही हानी नाही' असे फुकट उत्तर देत, त्याच प्रश्नाच्या भीतीवर हा धंदा उभा होता. भीती विकणाऱ्याला मोकळे रान आणि भीती घालवणाऱ्याला दंड. १९५४ मध्ये चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्ध केंद्राचा कायदा आला, तरी लोकलच्या खिडकीतून दिसणाऱ्या भिंती त्यानंतर कित्येक दशके मर्दानगीचे इलाज सांगतच राहिल्या.

आंबेडकर हा विषय सोडून बसले नाहीत. १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला. तो पडला. गांधीजींचा कृत्रिम साधनांना विरोध होता, उपाय संयमाचा. संततिनियमनाच्या अमेरिकन पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर १९३५ च्या अखेरीस वर्ध्याला येऊन त्यांच्याशी वाद घालून गेल्या, पण काही उपयोग झाला नाही. कर्वे संयमाच्या या उपदेशाची वर्षानुवर्षे टर उडवत होते. ऑक्टोबर १९५३ मध्ये ते गेले आणि नोव्हेंबरच्या अंकानंतर मासिकही थांबले. गंमत अशी की त्याच सुमाराला स्वतंत्र भारताच्या पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनाला जागा मिळत होती. सरकारने कर्व्यांचे अर्धे म्हणणे उचलले. मुले कमी हवीत, हे अर्धे. सुख, इच्छा, नकार हे दुसरे अर्धे कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणात बसण्यासारखे नव्हते.

ही रिकामी जागा रिकामी राहिली नाही. ती पिवळ्या, म्हणजे चोरून विकल्या जाणाऱ्या अश्लील पुस्तकांनी भरली. त्यांचा मराठीत नेमका आरंभ सांगणे अवघड, कारण त्यांवर साल नसे आणि लेखक-मुद्रकाची नावे असलीच तर बनावट. स्टेशनाबाहेरचा फुटपाथ, एसटी स्टँडाचा कोपरा, रद्दीवाल्याची मागची फळी ही त्यांची घरे. निकृष्ट कागद, पुसट टाइप, पिनेने टाचलेली पाने. वाचून झाले की थोडे पैसे भरून दुसरे बदलून न्यायचे. हॉस्टेलच्या गाद्यांखाली त्यांची फिरती वाचनालये चालत. गोष्टीतली बाई ठरलेली. शेजारीण, मोलकरीण, मास्तरीण, वहिनी. तिसऱ्या पानावर ती 'नको' म्हणते आणि पाचव्या पानावर त्या 'नको'चा अर्थ 'हो' असा निघतो.

या पुस्तकांनी वाचणाऱ्याला चळवले, ही तक्रार मला फार महत्त्वाची वाटत नाही. तारुण्य चळायला पुस्तकाची वाट पाहत नाही. त्यांनी शिकवले काय, ते बघावे. त्यांत कुणाला दिवस जात नाहीत. कुणाला रोग होत नाही. बाई कधी दमलेली नसते, तिला कधी दुखत नाही, तिचा नकार हा खेळाचाच भाग असतो. 'समाजस्वास्थ्य'च्या अंकांतला मजकूर आणि पिवळ्या पुस्तकातला मजकूर शेजारी ठेवला, तर एकात जे जे आहे ते ते दुसऱ्यातून बरोबर काढून टाकलेले दिसेल. कोर्टाने दोन्हीला एकच नाव दिले होते. आणि मुलगा बोहल्यावर चढताना त्याच्या पदरात दुसऱ्याचीच शिकवण होती. मुलीच्या पदरात तर तीही नव्हती. 'तो सांगेल तसं वाग' एवढेच आई किंवा करवली कानात सांगायची. पहिल्या रात्री समोरासमोर येणार ते फुटपाथवरचे शिक्षण आणि संपूर्ण अज्ञान. त्यातून किती संसार मुके झाले, याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही. मराठी कथा-कादंबऱ्यांतल्या गप्प बायकांत मात्र ती सापडते.

दरम्यान कोर्टे पत्ता असलेल्यांमागे लागलेलीच होती. बा. सी. मर्ढेकरांवर 'काही कविता'साठी अश्लीलतेचा खटला झाला. आकाशवाणीत मोठ्या हुद्द्यावर असलेला हा माणूस निर्दोष सुटला, पण मध्ये जे सोसायचे ते सोसूनच. १९५९ च्या डिसेंबरात मुंबईच्या एका बुकस्टॉलवर पोलिसांनी बनावट गिऱ्हाईक पाठवले आणि 'लेडी चॅटर्लीज लव्हर'ची प्रत विकत घेतली. दुसऱ्याच वर्षी लंडनच्या ज्यूरीने हे पुस्तक निर्दोष ठरवले. मुंबईतला खटला तरीही चालूच राहिला. मुल्कराज आनंद साक्षीला उभे राहिले. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांच्या लेखणीतून, हिकलिनचा कस थोडा घासूनपुसून कायम ठेवला आणि बुकस्टॉलच्या भागीदारांचा दंडही. दंड प्रत्येकी २० रुपये. त्या स्टॉलपासून चार पावलांवरच्या फुटपाथवर तेव्हा काय विकले जात होते, हे विचारण्याचे कोर्टाला कारण पडले नाही.

मग 'श्यामा'. १९६२ चा 'रंभा' मासिकाचा दिवाळी अंक, लेखक चंद्रकांत काकोडकर. काकोडकर म्हणजे वाचनालयांच्या कपाटांचे अनभिषिक्त राजे. समीक्षकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली होती, पण त्यांच्या कादंबऱ्या हातोहात फिरून खिळखिळ्या होत. कथेतला निषाद हा कवी, त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रिया, त्यातली श्यामा शेवटची. पुण्याच्या एका गृहस्थांनी १९६३ मध्ये तक्रार नोंदवली. मॅजिस्ट्रेटने सोडले, हायकोर्टाने दोषी धरले, दंड २५ रुपये. तीन वेळा दिल्लीला जायच्या भाड्याइतकाही नाही. काकोडकरांनी तो भरून टाकला असता तर कुणी नाव ठेवले नसते. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट १९६९ मध्ये न्यायमूर्ती जगनमोहन रेड्डी यांनी त्यांना निर्दोष ठरवले. समाजाची मापे बदलत आहेत, आणि कोवळ्या वयाच्या मुलाला काय वाचू द्यावे यावरून सगळ्या लेखकांच्या लेखणीची लांबी ठरवता येणार नाही, असा निकालाचा आशय. शंभर वर्षांपूर्वी कल्पनेत उभ्या केलेल्या त्या कच्च्या मनाच्या माणसाला भारतीय कोर्टाने जरा बाजूला बसवले. त्याच वर्षी २९२ कलमात दुरुस्ती झाली आणि विज्ञान, साहित्य, कला, विद्या यांच्या हितासाठीच्या लिखाणाला सूट मिळाली. कर्व्यांना जाऊन सोळा वर्षे झाली होती. काकोडकरांच्या 'नीलांबरी'वरचा 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपटही त्याच वर्षी पडद्यावर आला आणि घराघरांतल्या सासू-सुनांनी तो निःशंक मनाने पाहिला.

पुढचा काळ मी भराभर ओलांडतो. 'सखाराम बाइंडर' या नाटकाला १९७२ मध्ये परिनिरीक्षण मंडळाने अडवले, त्याचे दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकले. १९९५ मध्ये बुटांच्या एका जाहिरातीत मिलिंद सोमण आणि मधु सप्रे नग्न उभे राहिले. तो खटला चौदा वर्षे चालला आणि २००९ मध्ये सगळे सुटले. याच काळात, १९८२ च्या आशियाई खेळांनंतर, व्हीसीआर घरोघर आले होते. तालुक्याच्या गावी व्हिडिओ पार्लर निघाली, रात्री उशिराच्या खेळाला दार आतून बंद व्हायचे. शब्दांची जागा चित्रांनी घेतली. पुस्तकातली 'वहिनी' निदान मराठी बोलत होती. आता समोर परक्या भाषेतली, परक्या देहाची माणसे, आणि आपल्या शयनगृहाचे माप त्यांच्याशी लावणारा नवरा. भाड्याने आणलेली कॅसेट बायकोला 'शिकण्यासाठी' दाखवणारे पुरुष स्त्री-संघटनांच्या समुपदेशकांना अपरिचित नव्हते.

उलट बाजूने बोलणारे थोडेच राहिले. डॉ. विठ्ठल प्रभूंचे 'निरामय कामजीवन' लग्नाच्या आहेरात लपवून दिले जाऊ लागले, हे मोठेच काम. डॉ. महिंदर वात्सा यांनी १९६० च्या दशकात स्त्रियांच्या मासिकातून लैंगिक प्रश्नांना उत्तरे द्यायला सुरुवात केली आणि ऐंशी वर्षांचे झाल्यावर, २००५ मध्ये, मुंबईच्या इंग्रजी दैनिकात रोजचे सदर सुरू केले. २०२० मध्ये, ९६ व्या वर्षी, ते गेले. त्यांच्या टपालात कुठला प्रश्न पुन्हा पुन्हा येई? हस्तमैथुनाने हानी होते का. कर्व्यांनी ज्याला उत्तर दिले तोच, सत्तर वर्षांनंतर, तेवढ्याच धास्तावलेल्या अक्षरात. तक्रारीही त्याच, हे अश्लील आहे. आणि २००७ मध्ये शाळांतून किशोरवयीनांना लैंगिक शिक्षण द्यायचा केंद्राचा कार्यक्रम आला, तेव्हा तो थांबवणाऱ्या राज्यांत महाराष्ट्रही होता. संस्कृतीचे रक्षण हे कारण. तोवर मुलांच्या खिशात कॅमेऱ्याचे फोन आलेले होते आणि क्लिपा ब्लूटूथने वर्गातल्या वर्गात फिरत होत्या. २०१६ पासून डेटा जवळजवळ फुकट झाला.

२०१८ च्या सप्टेंबरात तीन निकाल लागले. ६ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध हा गुन्हा उरला नाही असे सांगितले. २७ तारखेला त्याच न्यायालयाने व्यभिचाराचे फौजदारी कलम रद्द केले, पत्नी ही पतीची मालमत्ता नाही असे म्हणत. म्हणजे १९३४ च्या दंडामागचा एक प्रश्न आणि १९३१ च्या दंडामागचा लेख, दोन्ही मुद्दे एका महिन्यात देशाच्या सर्वोच्च पीठावरून सुटले. कर्व्यांचे नाव बातम्यांत फारसे कुठे आले नाही. वैवाहिक बलात्काराला कायद्याने दिलेली सूट मात्र तशीच राहिली आणि २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती आहे. पाचव्या पानावरच्या त्या 'नको'ला लग्नाच्या आत अजून फौजदारी किंमत नाही.

तिसरा निकाल उत्तराखंड उच्च न्यायालयाचा. अश्लील संकेतस्थळे बंद करा. २०१५ मध्ये केंद्राने ८५७ संकेतस्थळांची यादी काढून ती बंद केली होती आणि ओरड झाल्यावर चार दिवसांत बरीचशी मोकळी केली होती. आता तीच यादी पुन्हा बाहेर आली. तपासणीत ३० ठिकाणी तसले काही सापडलेच नाही, म्हणून ८२७ उरली. दूरसंचार विभागाचे आदेश निघाले, कंपन्यांनी कळ दाबली. त्यातल्या एका बड्या संकेतस्थळाने काही दिवसांतच नावामागची शेवटची तीन अक्षरे बदलून नवा पत्ता घेतला आणि भारतातल्या प्रेक्षकांना तो जाहीरपणे कळवला.